जाणाऱ्याने हात लावू नये

मी लाकडी चाटू. शेगडीजवळच्या खिळ्याला टांगलेला असतो, तिथूनच बोलतोय.

भिंगरी घरी परत आली तेव्हा तिला वाटलं होतं, दार उघडताच चॉकलेटचा वास येईल. आला तो फिनेलचा. तिच्या आईने सकाळपासून घर घासून काढलं होतं.

"फज नाही केलास?" चपला काढायच्या आधीच भिंगरीने विचारलं.

"येणाऱ्याला कशाला? तो जाणाऱ्याचा असतो," आई म्हणाली.

भिंगरी कपाळावर हात मारून हसली. इतकी वर्षं लांब शिकायला राहिल्यावर घरचा कायदाच तिच्या डोक्यातून गेला होता.

तो कायदा माझ्याइतकाच जुना. भिंगरीचे आजोबा सुतार होते. दाराची चौकट करून उरलेल्या तुकड्यातून त्यांनी मला कोरून काढलं आणि आजीच्या हातात दिलं. फजची, म्हणजे चॉकलेटच्या त्या मऊ वड्यांची, कृती आजीची. थोरला मुलगा पहिल्यांदा नोकरीसाठी घर सोडून निघाला, तेव्हा वाटेत टिकेल असं काहीतरी सोबत द्यावं म्हणून तिने तो केला. मुलगा मदतीला आला तर तिने त्याच्या हातावर चापट मारली. "जाणाऱ्याने चाटूला हात लावू नये. घोटायचं ते मागे राहणाऱ्यांनी."

तेव्हापासून तेच चालत आलं. काका गेले, आत्या गेली. भिंगरीचे बाबा जहाजावर जातात, दर वेळी डबा भरून. मग भिंगरीही गेली. आजीनंतर मी आईच्या हातात आलो. दोघीही उजव्या हाताच्या, त्यामुळे माझी एक कड झिजून तिरपी झाली आणि दुसरी तशीच कोरी राहिली. एवढ्या जणांना निरोप दिला मी, पण स्वतः कधी उंबरा ओलांडला नाही. एरवी नुसता लटकून असतो. कोणी निघाल्याशिवाय माझी आठवणच कोणाला होत नाही.

म्हणूनच काल दुपारी आईने मला खिळ्यावरून काढलं तेव्हा मला कळलं, परत कोणीतरी निघालंय. भिंगरी तर येऊन बसलीही नव्हती धड.

झालं होतं असं. ती रसायनशास्त्र शिकून आली होती. लांबच्या एका प्रयोगशाळेत नोकरी तिची वाट बघत होती आणि आज सकाळी फोनवर उत्तर देऊन तिला लगेच निघायचं होतं. तिच्या मनात मात्र गल्लीच्या टोकाची शाळा भरली होती. तिथे विज्ञानाला शिक्षकच नव्हते, आणि शाळेच्या प्रयोगशाळेत मोडकी बाकं रचून ठेवली होती.

"आई, तिथल्या मुलांनी लिटमसचा कागद लाल होताना कधी बघितला नाहीये! फक्त पुस्तकातलं चित्र बघितलंय!"

"मग चित्र रंगवून दे त्यांना. मी शिलाई मशीनवर मान मोडून शिकवलं तुला, ते याच गल्लीत परत यायला?"

दारात मामा उभे होते. ते टॅक्सी चालवतात. "भाचीबाई, उद्या गाडी कधी लावू? की आधी मोर्चा काढायचाय?"

"मामा, तूसुद्धा!"

"मी आपला ड्रायव्हर. मागे बसलेले म्हणतील तिकडे नेतो."

आईने जास्त वाद घातला नाही. तिने पातेल्यात साखर, कोको आणि दूध घातलं. उकळी फुटेपर्यंत मी गोल फिरलो, मग तिने मला बाजूला ठेवलं. वाटीभर गार पाण्यात थेंब टाकून बघितला. त्याची मऊ गोळी झाली, तेव्हा पातेलं उतरवलं आणि वर लोणी सोडलं. आता पातेलं कोमट होईपर्यंत कोणी ढवळायचं नाही. घाई केली तर साखर दाणा धरते आणि फज वाळूसारखा लागतो.

या वेळी माझ्या जिवाची घालमेल होते. काल मात्र माझ्याहून त्या दोघींची जास्त होत होती. आई मशीनवर बसली, एक शिवण घातली, उसवली, उठून पातेल्याच्या बुडाला तळहात लावून बघितला, परत जाऊन बसली. भिंगरी खिडकीपासून दारापर्यंत येरझारा घालत होती.

"बसा गं दोघी," मामा म्हणाले. "मला गरगरायला लागलं."

शेवटी आईने घोटायला घेतलं. मिश्रण दाटत गेलं. त्याची चकाकी गेली की लगेच ताटात ओतायचं असतं, नाहीतर पातेल्यातच दगड होतो. आईचा खांदा शिवणकामाने आधीच भरून आलेला. तिचा हात मंदावला. मामा बाह्या सरसावून उठले, पण त्यांच्या आधी भिंगरीने मला मुठीत धरलं.

"सोड," आई म्हणाली. "जाणाऱ्याने हात लावायचा नाही."

"म्हणूनच लावतेय."

दोघींच्या मुठी माझ्यावर आवळलेल्या. कोणीच सोडेना. पातेल्यात फज घट्ट व्हायला लागला होता.

"अगं, दगड होईल त्याचा!" मामा ओरडले.

आईने भिंगरीच्या तोंडाकडे बघितलं. मग मला सोडलं आणि पातेल्याची कड फडक्याने घट्ट धरली.

भिंगरी डावखुरी. माझी कोरी कड पहिल्यांदाच पातेल्याला घासली. दुखलं. तिचा हात कधी धावायचा, कधी अडखळायचा.

"आता!" आई म्हणाली, आणि दोघींनी मिळून पातेलं ताटावर पालथं केलं.

आईने कोपऱ्यातला तुकडा तोंडात टाकला. "भरभरीत झालाय."

"हो."

"मनगटातून फिरवत होतीस. खांद्यातून फिरवायचं."

रात्री भांडी घासून झाली. मी धुऊन परत खिळ्यावर आलो. कोरी कड थोडी खरवडली आहे, अजून ठणकते. तुमच्याही घरी कोणी माझ्यासारखा टांगलेला असेल. त्याला कोणी कुठे निघालेलं नसताना कधीतरी खाली काढा. निरोप देऊन देऊन लाकूडसुद्धा थकतं हो.

आज सकाळी भिंगरीने प्रयोगशाळेला फोन केला. "मी येत नाहीये," म्हणाली ती, आणि शब्द फिरवला नाही. मग तिने फजच्या वड्या कापून डब्यात भरल्या आणि चपला घातल्या.

"आता कुठे?" मशीन थांबवून आईने विचारलं.

"शाळेत. मुख्याध्यापकांना सांगते, आजपासून विज्ञानाचे तास मी घेणार."

"नाही म्हणाले तर?"

"उद्या परत जाईन."

आईने सुईत दोरा ओवायला घेतला. तो दोनदा चुकला.

"डबा तिकडेच विसरून येऊ नकोस," ती म्हणाली.