भोक पडलेला टोलर

याखिमोव या चेक गावातल्या नाणेप्रेमी मंडळात बोहुमीर कालौसचा शब्द शेवटचा. भिंगातून पाहून तो खरं की खोटं ते सांगायचा, आणि दुसऱ्यांदा कुणी विचारायचं नाही. श्लिक सरदारांच्या जुन्या टांकसाळीतली टोलर ही चांदीची नाणी तो एकतीस वर्षं जमवत होता. वर्ष न घातलेला, अगदी सुरुवातीचा टोलर तेवढा त्याला कधी मिळाला नव्हता.

त्या गुरुवारी बिअरच्या गुत्त्यातल्या मागच्या खोलीत व्लास्ता क्रुपिच्कोव्हाने नेमका तोच टेबलावर ठेवला. बेकरी मुलीवर सोपवून ती मंडळात आली, त्याला दोन वर्षंही झाली नव्हती.

"जुन्या बाजारात बटणांचा डबा घेतला, त्यात निघाला. बघा ना, कालौससाहेब!"

बोहुमीरने भिंग लावलं. दुहेरी शेपटीचा सिंह, संत याखिम, सगळं जिथल्या तिथे. एकतीस वर्षं मी लिलाव पालथे घातले, आणि हिला बटणांत?

"ओतीव आहे, ठोकून पाडलेला नाही," तो म्हणाला. "कडेला साच्याची बारीक शिवण दिसतेय. नक्कल."

"अरे देवा! आणि मी केवढी मिरवत आले!" व्लास्ता स्वतःवरच खळखळून हसली.

चार दिवसांनी तो तिच्या दारात उभा राहिला, हातात कोलाचे, खसखस भरलेले गोड पाव. नकलांच्या खणात ठेवतो म्हणून तो टोलर मागून घ्यायचा, एवढंच त्याच्या मनात होतं. व्लास्ताने दार उघडलं. तिच्या गळ्यात साखळी होती आणि साखळीत तो टोलर. सिंहाच्या डोक्यातून आरपार भोक.

"आवडलं का? म्हटलं, खोटाच आहे, तर गळ्यात तरी शोभेल. सोनाराने दोन मिनिटांत पाडून दिलं."

"अहो बाई, काय केलंत हे! खरा होता तो!"

बोलून गेल्यावर त्याला आपलीच जीभ चावावीशी वाटली. व्लास्ताचं हसू मावळलं.

"तुम्हाला हे त्याच दिवशी कळलं होतं?"

"हो."

"मग खोटं का बोललात?"

"तुम्हाला मिळाला म्हणून."

टोलर ब्लाऊजच्या आत सरकवून ती म्हणाली, "कोलाचे घेऊन जा. माझी घरचीच बेकरी आहे."

"मला द्याल तो? असा, भोकासकट?"

"नाही."

गुरुवारी ती नेहमीसारखी आली. बोहुमीर खोटं बोलल्याचं तिने कुणाला सांगितलं नाही. टोलरचं कुणीतरी विचारलं तेव्हा म्हणाली, "खरा निघाला, पण आता माझ्या गळ्यातलाच बरा." आणि पूर्वीसारखीच मोकळी हसली. बोहुमीर समोर भिंग पुसत बसला होता. भोक पडलेला टोलर त्याला अजून हवा होता. त्याहून जास्त त्याला तिचं ते हसू खुपत होतं.