निळा पंचकोन

"बाई, बसतंय की! जवळजवळ बसतंय," पहिल्या बाकावरची चष्मेवाली ओरडली, आणि बाईंनी फळ्याकडे पुन्हा निरखून पाहिलं.

फळ्यावर पुठ्ठ्याचे दोन पंचकोन चुंबकांनी अडकवले होते, एक पिवळा, एक लाल. दोन्ही वेडेवाकडे, पाचही बाजू वेगवेगळ्या लांबीच्या. बाईंनी डाव्या हातानं पिवळा सरकवत नेला आणि लालच्या टोकाला टोक भिडवलं. मग बाजूवर बाजू यावी म्हणून फिरवला. तरी त्याचं तोंड भलतीकडेच, म्हणून उलटा केला. सरकवून, फिरवून किंवा उलटून एक आकृती दुसरीवर तंतोतंत बसली की दोन्ही एकरूप, हे त्यांनी आजवर किती मुलांच्या डोक्यात घातलं असेल त्याला गणती नाही. आणि आज, नेमकं आजच, पिवळ्याच्या खालून लाल कड जीभ काढल्यासारखी बाहेर आली होती.

शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिका बसल्या होत्या. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात निकामी झाल्यापासून बाईंना फळ्यावर आकृती काढता येत नव्हती. एके काळी त्यांनी नुसत्या हातानं रेघ मारली की मुलं खोडी म्हणून पट्टी लावून बघायची आणि मुकाट्यानं जागेवर जायची. आता पालकांची कुरकुर सुरू झाली होती. दहावीचा वर्ग बाईंकडे ठेवायचा की नाही, ते या तासावर ठरणार होतं. 'हा तर माझ्या डाव्या हाताचा मळ' म्हणणाऱ्यानं डाव्या हातात एकदा खडू धरून बघावा, असं त्या हल्ली म्हणत.

म्हणून हे पुठ्ठ्याचे तुकडे. ते कापले होते त्यांच्या यजमानांनी. ते बसवर कंडक्टर होते, निवृत्त झाले तरी शेजारीपाजारी अजून त्यांना कंडक्टरच म्हणत. आयुष्यभर तिकिटं फाडली, कापायचा प्रसंग काही आला नाही. तरी जीभ दातांत धरून, मान मोडेपर्यंत बसून त्यांनी पंचकोनांचा ढीग घातला होता, आणि बाईंनी तो न तपासता पिशवीत भरला होता. इतकं जीव लावून केलेलं काम पट्टी घेऊन तपासायचं तरी कसं!

"जवळजवळ?" बाईंनी विचारलं. "तुला परीक्षेत कोणी जवळजवळ पास केलं तर चालेल?"

वर्ग हसला. चष्मेवालीही हसली.

"एकरूप म्हणजे तंतोतंत. हे दोन एकरूप नाहीत."

"अजून थोडं फिरवून बघा ना बाई," मागून एक उंचेला मुलगा म्हणाला. बिचारा बाईंची बाजू सावरत होता.

"जन्मभर फिरवलं तरी बसायचे नाहीत. ये, तूच मोज."

त्यानं पट्टी लावली. लालची प्रत्येक बाजू जराशी लांब निघाली.

"सरकवल्यानं बाजू वाढते का?"

"नाही."

"फिरवल्यानं? उलटल्यानं?"

"नाही बाई."

"मग आखूड बाजू लांब बाजूवर कुठल्या हालचालीनं पुरी पडेल?"

"कुठल्याच नाही."

"झालं. एकरूप नाहीत, हे सिद्ध केलंस तू."

"पण बाई, मग चुकलं कोण?" चष्मेवालीनं विचारलं. या पोरीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता.

"मी," बाई म्हणाल्या. "मोजून आणायला हवे होते."

मग त्यांनी कंपासपेटीतले गुण्ये काढायला लावले. जोडीजोडीनं मुलं एकावर एक गुण्या ठेवू लागली, सरकवू लागली, पालथा घालू लागली. पालथा घातला की त्यावरचे आकडे उलटे दिसायचे, कोपरे मात्र चोख बसायचे. वर्गात नुसता गलका झाला, आणि बाई घटकाभर मागच्या बाकावर कोण बसलंय ते विसरल्या.

तास संपल्यावर मुख्याध्यापिकांनी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"शिकवलंत छान. पण बाई, परीक्षेत मुलांना आकृती काढायची असते, आणि ती फळ्यावर बघूनच शिकतात हो. सोमवारपासून तुम्ही वाचनालय सांभाळा."

बोलताना त्या व्हरांड्याच्या कठड्याकडे बघत होत्या. त्यांचंही काही चुकत नव्हतं, आणि बाईंना तेच जास्त लागलं.

घरी कंडक्टर दार उघडं ठेवून उंबऱ्यातच उभे होते.

"काय गं? राहिला वर्ग?"

"गेला. वाचनालय दिलंय."

ते मटकन खुर्चीत बसले. "तुकड्यांमुळे नाही ना?"

"फळ्यामुळे."

"तरीच. तुकड्यांत मी कसर ठेवली नव्हती." ते उठले, कपाटातून एक फाइल घेऊन आले आणि तिच्यातून त्यांनी हलकेच एक निळा पंचकोन काढला. "हा बघ. तुझ्या हातचा, आजारपणाआधीचा. यावरून मी फक्त पहिला आखला आणि हा लगेच ठेवून दिला. सारखी पेन्सिल फिरवून मळला असता गं. मग पहिल्यावरून दुसरा केला, दुसऱ्यावरून तिसरा, असं करत गेलो."

बाईंच्या सगळं लक्षात आलं. दर वेळी पेन्सिलीच्या रेघेएवढा तुकडा वाढत गेला होता. पिवळा आधीचा असणार, लाल अगदी शेवटचा. वर्गात कोणी असं केलं असतं तर बाईंनी त्याची खरडपट्टी काढली असती. आताही त्या बोलायला गेल्या, पण त्याऐवजी त्यांनी निळा तुकडा हातात घेतला. धड असलेल्या हातानं त्यांनी कापलेला तुकडा या माणसानं सोन्यासारखा जपला होता, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

"एकमेकांवर बसले ना पण?" कंडक्टरांनी विचारलं.

"बसले," बाई म्हणाल्या. इतकं धडधडीत खोटं त्या उभ्या नोकरीत बोलल्या नव्हत्या. "तंतोतंत."

कंडक्टरांचा जीव भांड्यात पडला. "मग आता त्या ढिगाचं काय करायचं?"

"राहू दे बाजूला. नवे कापू. वाचनालयातही मुलं येतातच की. सगळी काय पुस्तकं वाचायला येतात?"

"मग मलाही शिकव. सरकवण्यात मी वाकबगार आहे. 'पुढे सरका, पुढे सरका' करण्यात जन्म गेला."

बाईंना हसू आलं. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "पण या वेळी प्रत्येक तुकडा या निळ्यावरूनच आखायचा."

"अगं, मळेल तो."

"मळू दे. वापरायलाच कापला होता मी."

कंडक्टर जरा घुटमळले. मग त्यांनी निळा पंचकोन नव्या पुठ्ठ्यावर ठेवला. बाईंनी डावा पंजा त्यावर घट्ट दाबून धरला. कंडक्टरांनी पेन्सिलीला टोक काढलं, आणि निळ्या कडेवर शिशाचा पहिला काळा डाग पडला.