माझ्या भिंतीचा फळा

माझ्या घराची चौकाकडची भिंत मी स्वतः बांधलेली आहे. त्या भिंतीवर चार फूट बाय तीन फुटांचा सिमेंटचा चौकोन घोटून घेतला, त्याला काळा रंग दिला आणि सव्वीस वर्षं रोज सकाळी त्यावर खडूनं लिहीत आलो. आदल्या दिवसाची एक बातमी, आणि खाली माझी एक ओळ. सहाला ओल्या फडक्यानं कालचं पुसायचं, सातपर्यंत आजचं लिहायचं. दूध आणायला निघालेले, कंपनीच्या बसची वाट पाहणारे, आज नळ येणार का म्हणून विचारत फिरणारे, सगळे तिथं थांबायचे.

मी गवंडी. एक्केचाळीस वर्षांचा होईपर्यंत मला अक्षर येत नव्हतं. ओळंबा कळायचा, पाटी कळायची नाही. साक्षरतेची मोहीम निघाली तेव्हा आमच्या वस्तीच्या विहारात संध्याकाळचा वर्ग सुरू झाला. शिकवायला आला राजकुमार, बावीस वर्षांचा, नुकती मिसरूड फुटलेला पोरगा. मी त्याला तेव्हापासून सर म्हणतो. तो मला मामा म्हणतो.

पहिल्या महिन्यात त्यानं आम्हाला सही शिकवली. माझी सही ज्या दिवशी जमली त्या दिवशी तो सगळ्यांसमोर म्हणाला, "आता एक ध्यानात ठेवा. वाचल्याशिवाय कुठंच सही करायची नाय. साहेब म्हणला तरी नाय. मी म्हणलो तरी नाय."

आम्ही हसलो. सर कशाला असं म्हणतील?

वाचायला लागलो तसा पेपर वाचायला लागलो, आणि पेपर वाचायला लागलो तसा चिडायला लागलो. मी आयुष्यभर लोकांची घरं बांधली. वरती एक खोली चढवायची तर माणूस किती दारं फिरतो ते पाहिलंय. वीट पंधरा दिवसांत रचून होते, परवानगी वर्षभर येत नाही. माझं मत तेव्हा जे झालं ते आजही आहे. सरकारनं रस्ता करावा, पाणी द्यावं, चोर धरावा. बाकी माणसाचं माणसाला करू द्यावं. सरही तेच म्हणायचे. किंबहुना मला ते नीट बोलून दाखवलं त्यांनीच. "मामा, सरकार म्हणजे घरात आलेला पाहुणा. एका खोलीत बसवा. सगळ्या घरात फिरू देऊ नका."

हे मी फळ्यावर लिहीत गेलो, माझ्या पद्धतीनं. 'कागदपत्रं कमी व्हावीत म्हणून सरकारनं एक नवा अर्ज काढला आहे.' 'सर्वांना फुकट मिळणार, अशी बातमी आहे. कोणाच्या खिशातून, ते छापायचं राहून गेलं.' शहराचं नाव बदललं तेव्हा लिहिलं, 'पाट्या बदलून झाल्या. पाणी जुन्या वेळापत्रकानंच येईल.' महापालिकेच्या निवडणुका वर्षानुवर्षं लांबत गेल्या तेव्हा लिहिलं, 'पाच वर्षं नगरसेवक नव्हता. शहर जसं होतं तसंच राहिलं. विचार करा.' ही ओळ लई गाजली. पिठाच्या गिरणीची सरूबाई तर गिऱ्हाइकाला पीठ देताना ती म्हणून दाखवायची.

शेवटी निवडणूक लागली आणि सर उभे राहिले. पक्ष कोणता ते सांगत नाही, त्यानं फरक पडत नाही. मी फळ्यावर लिहिलं, 'आमच्या सरांना निवडून द्या. ते तुमच्यासाठी काहीही करणार नाहीत. तेच त्यांचं वचन आहे.'

लोकांनी फोटो काढले. सर स्वतः येऊन पोट धरून हसले. "मामा, असला प्रचार अख्ख्या महाराष्ट्रात कुणाचा झाला नसंल." सर निवडून आले. मी आणि मनकर्णाबाई, म्हणजे माझी बायको, आम्ही गल्लीत पेढे वाटले.

निकालानंतर पंधराएक दिवसांनी सर सकाळीच आले. सोबत त्यांच्या कार्यालयातला अभय, हातात फाइल घेऊन. मी फळा पुसत होतो, हाताला ओला खडू.

"जयभीम मामा. तुमच्या फळ्याचा सन्मान करायचाय."

"फळ्याचा? त्याला कुठं हार घालता?"

"चेष्टा नाय. रस्ता रुंदीचं काम इकडं सरकलं तर कोण काय पाडंल, सांगता येत नाय. कागदावर आला की फळा पक्का झाला. इथं सही करा."

मनकर्णाबाई दारातून म्हणाली, "चष्मा आणू का?"

"राहू दे," मी म्हणालो. "सर आहेत ना."

अभयनं फाइल धरली, सरांनी त्यांचा पेन दिला, मी सही केली. तीन पानं होती, तिन्हींवर केली. सर म्हणाले, "सही अजून तशीच आहे मामा. मी शिकवलेली." मला बरं वाटलं, हे लपवत नाही.

पुढच्या आठवड्यात दोन माणसं ड्रिल मशीन घेऊन आली. माझ्या फळ्यावर त्यांनी स्टीलची चौकट ठोकली, तिला काचेचं दार, दाराला कुलूप. वरती सरांचा फोटो आणि अक्षरं, 'नागरिक विचारफलक योजना'. मी विचारलं, किल्ली? ते म्हणाले, किल्ली कार्यालयात. मला वाटलं, उद्या आणून देतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडकं घेऊन बाहेर आलो तर अभय काचेच्या आत छापील कागद लावत होता.

"हे काय रे?"

"आजचा मजकूर, बाबा. कार्यालयातून रोज येणार. तुम्हाला आता त्रास नाय."

कागदावर लिहिलं होतं की आपल्या प्रभागात सात नव्या योजना सुरू होत आहेत, नागरिकांनी अर्ज करावेत, लोकप्रतिनिधींची दूरदृष्टी वाखाणण्यासारखी आहे. मी ते बोट ठेवून पूर्ण वाचलं. सगळ्यात खाली, उजव्या कोपऱ्यात छापलं होतं, 'लेखन : पुंडलिक खरात'.

माझंच नाव. मी ते दोनदा वाचलं.

दुपारी गिरणीवर गेलो तर सरूबाईनं डबा न घेताच मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "काय हो भाऊजी, दूरदृष्टी म्हणं! कधीपासून वाखाणायला लागलात?"

"ते मी नाय लिहिलं."

"खाली नाव तुमचंच हाय की."

"नाव माझं, लिहिलं दुसऱ्यानं."

"मंग तर लईच झालं," ती पट्टा चढवत म्हणाली. "पकडल्यावर आमच्या ह्यांनी पण असंच सांगितलं असतं." रांगेतल्या बाया हसल्या. एकीनं विचारलं, मामाला घरकुल मिळालं का. मी दळण तिथंच ठेवून घरी आलो.

रोज तेच सुरू झालं. रोज नवा कागद, रोज नवं कौतुक, रोज खाली मी. सव्वीस वर्षं ज्यांनी माझी ओळ वाचली ते आता काचेपुढं थांबत, खालचं नाव पाहत आणि माझ्या दाराकडं पाहून पुढं जात. कुणी शिवी दिली असती तर परवडलं असतं.

मी अभयकडून माझ्या कागदांची नक्कल मागवून घेतली. पोरगा भला आहे, दिली त्यानं. चष्मा लावून अंगणात बसलो. तीन पानं वाचायला मला दीड तास लागला. चौथी अट, घराच्या चौकाकडील भिंतीचा दर्शनी भाग दहा वर्षांसाठी योजनेकडे राहील. नववी अट, मजकूर कार्यालय ठरवेल. अकरावी अट, मजकुराखाली मूळ फलकलेखकाचं नाव देण्यास त्याची संमती आहे. शेवटी तीन सह्या. सुंदर सह्या होत्या. एकही ओळ तिरकी नव्हती.

मनकर्णाबाईनं चहा ठेवला. "काय निघालं?"

"माझीच सही निघाली."

चष्मा आणू का म्हणाली होती, हे तिनं काढलं नाही.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज लिहिला. स्वतःच्या अक्षरात, पानभर. मी ह्या योजनेतून बाहेर पडत आहे, माझी भिंत मला परत द्यावी, आणि जे मी लिहिलं नाही त्याच्याखाली माझं नाव घालू नये. तो घेऊन सरांच्या कार्यालयात गेलो. बाहेर पंचवीसेक माणसं बसली होती, प्रत्येकाच्या हातात एक अर्ज. माझ्या जुन्या ओळी आठवून मला हसू यायला पाहिजे होतं.

सरांनी मला लगेच आत घेतलं, खुर्ची दिली, चहा मागवला. अभय बाजूच्या टेबलावर होता.

"मामा, रागावलात."

"सर, तुम्ही म्हणला होता सरकार एका खोलीत बसवा. तुम्ही त्याला माझ्या भिंतीवर टांगलं."

सर हसले, पण थोडंच. "बाहेर असताना बोलणं सोपं असतं, मामा. मला पण वाटायचं की लोकांना लहान सरकार पाहिजे. इथं बसल्यावर कळलं. बाहेर बघा ना. लोकांना लहान सरकार नकोय, ओळखीचं सरकार पाहिजे."

"लोकांचं लोक बघतील. माझं काय?"

"तुमचं काय वाईट केलं? कुणी फळा पाडायला निघालं असतं तर कोण वाचवणार होतं? आता कुणी हात लावत नाय. शिवाय नाव कुणाचं मोठं झालं? तुमचंच."

"माझं नाव मोठं व्हायला मी बोललेलं पाहिजे, सर."

"लोक विसरतात, मामा. दोन महिन्यांत सवय होते."

हे ते अगदी मायेनं म्हणाले. वर्गात ज्या आवाजात 'घाबरू नका, पुन्हा लिहा' म्हणायचे, त्याच आवाजात. तेव्हा मला कळलं की त्यांना आपण फसवलंय असं वाटतच नाही. फसवणारा खाली मान घालील, मग आपण काय बोलायचं, ह्याचा मी रस्ताभर विचार केला होता. तो सगळा वाया गेला.

मी खिशातून अर्ज काढून ठेवला. सरांनी वाचला. मग म्हणाले, "सही राहिली."

"शाईचं पॅड आहे का?"

अभयनं शिक्क्याचं पॅड सरकवलं. मी अंगठा बुडवला आणि अर्जाखाली उठवला, दाबून, चांगला स्वच्छ.

अभय गोंधळला. "बाबा, एवढं पानभर स्वतः लिहिलं, आणि सहीच्या जागी अंगठा?"

मी सरांकडं पाहून सांगितलं, "सही ह्यांनी शिकवली होती. ती ह्यांनीच नेली. आता आपला हाच राहिला."

सरांनी कागद उचलला, अंगठ्याकडं पाहिलं. मग बाहेरून कुणीतरी 'साहेब' अशी हाक मारली आणि ते उठले. अभयनं अर्जावर शिक्का मारून पोच दिली.

घरी आल्यावर मनकर्णाबाईनं साबण दिला, पण अंगठ्याची शाई गेली नाही. मतदानाला मार्करनं लावलेली शाई माझ्या बोटावरून तिसऱ्याच दिवशी गेली होती. ही आठवडाभर टिकली.

अर्ज विचाराधीन आहे, असं अभय सांगतो. भिंतीवर काच आहे, काचेत कागद आहे, कागदावर माझं नाव आहे.

पण अर्ज दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, सहा वाजता, मी फडकं ओलं करून बाहेर आलो आणि दारासमोरची पायरी पुसली. शहाबादी फरशीची, मीच बसवलेली. खाली बसून त्यावर खडूनं लिहिलं, 'वरच्या काचेत जे आहे ते मी लिहिलेलं नाही. आज नळ येणार नाही.'

सरूबाई गिरणी उघडायला निघाली होती. ती थांबली, कमरेत वाकून वाचलं. "पायरीवर लिहिलेलं चालतं का पण?"

"चालतं," मी म्हणालो. "कागदात पायरी नाय. ह्या खेपेला मी शेवटपर्यंत वाचलंय."