तीस आवाज आणि एक हात

तुम्ही फोनवर बोलून मोकळे होता. ते बोलणं नीट उमटून राहावं म्हणून जिला कपाटात बसवून ठेवतात, ती मी, डिस्क बोलतेय.

माझ्या पेटीत आरशासारख्या गुळगुळीत चकत्या गरगर फिरत असतात आणि त्यांच्यावरून एक बारीकसा हात इकडून तिकडे सरकत असतो. लिहायचं त्याच हातानं, लिहिलेलं वाचायचं तेही त्याच हातानं. एवढं लक्षात ठेवा. माझी सगळी गोष्ट या हाताची आहे.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. आठवतं ते ऑस्ट्रेलियातल्या उत्तर क्वीन्सलँडमधलं, उसाच्या मळ्यांनी वेढलेलं गाव. आगीच्या बंबाच्या शेडमागे एक खोली होती. नदी फुगली की लोक मदतीसाठी तिथं फोन करायचे. तीस फोन, आणि ते घेणारे सगळे गावातलेच, बिनपगारी. खोलीचा कारभार कोरल व्हाइट्सकडे होता. तिचा नवरा ऑसी बचावाची बोट चालवायचा आणि नदी शांत असली की खोलीत येऊन कोरलची बोलणी खायचा.

मला तिथं बसवलं केरशॉनं. शहरातून आलेला, कामाला चोख माणूस. एका फोनचं बोलणं किती जागा घेतं, ते किती फोन येतील त्याच्याशी गुणून त्यानं हिशेब मांडला.

"ही भरायची तर अख्ख्या गावाला वर्षभर गप्पा मारत बसावं लागेल," तो म्हणाला.

"आमचा ऑसी एकटा भरेल," कोरल म्हणाली.

हिशेब बरोबर होता. पण त्यानं विचारलं होतं, हिच्यात किती मावतं. एका वेळी किती जणांचं लिहून होतं, हे विचारायचं राहून गेलं. एकटा माणूस बोलत असतो तेव्हा माझा हात एका जागी निवांत लिहीत असतो. तीस जण एकदम बोलू लागले की प्रत्येकाची जागा वेगळी. याचा एक शब्द लिहायचा, तिकडे धावायचं, त्याचा एक लिहायचा, पुन्हा इकडे. लिहिण्यापेक्षा धावण्यातच वेळ जातो. मागे थांबलेले शब्द साचत जातात, आणि साचायलाही जागा उरली नाही की गळून पडतात.

हे चाचणीत कळायला हवं होतं. केरशॉनं सांगितलंही होतं, सगळे फोन उचला आणि एकदम बोला. पण तिथली माणसं मुलखाची संकोची. शेजाऱ्याशी तासभर बोलतील, रिकाम्या फोनमध्ये काय बोलणार? एकमेकांकडे पाहून हसली. मग सगळ्यांनी तीसही फोन उचलून टेबलावर आडवे ठेवले आणि चहाला निघून गेली. त्या दिवशी कोरलनं चहाबरोबर खायला स्कोन्स, म्हणजे छोटे गोडसर पाव, केले होते.

आता केरशॉची यंत्रणा मोठी काटकसरी. कोणी बोलत नसेल तर ती माझ्याकडे काही पाठवायचीच नाही. त्यामुळे मला काही कामच पडलं नाही. केरशॉनं पडद्यावर पाहिलं, डिस्क अगदी आरामात आहे. त्यानंही एक स्कोन उचलला.

फेब्रुवारीत नदी चढली. दुपारी तीसही फोन वाजू लागले आणि या वेळी कोणी गप्प नव्हतं. माझा हात धावत राहिला.

त्यातच मिसेस झप्पाला या म्हाताऱ्या बाईंचा फोन कोरलनं घेतला. पत्र्यावर पाऊस असा कोसळत होता की कोरलला जेमतेम निम्मं ऐकू आलं. घरात पाणी शिरलंय, त्या एकट्या आहेत, एवढं कळलं आणि फोन तुटला. घर कुठं आहे ते कळलंच नाही.

"काळजी नको," केरशॉ म्हणाला, "डिस्कवर आहे सगळं."

त्यानं माझ्याकडे ते बोलणं मागितलं. म्हणजे लिहिता लिहिता आता वाचायचंही होतं. आसपासचे एक कान इकडे देऊन राहिले.

"उसाच्या गाडीच्या रुळांचा पूल आहे ना," बाईंचा आवाज आला, "त्या..." आणि मग काहीच नाही. पुढे एकदम, "...च्या काठाला, पिवळं घर."

ओढ्याचं नाव गळून पडलं होतं. रुळांचे पूल तीन होते, तीन ओढ्यांवर. केरशॉनं ते तीनतीनदा लावलं. जे मी लिहिलंच नव्हतं ते कुठून देणार?

"तिन्हीकडे जातो," ऑसी म्हणाला आणि रेनकोट चढवत बाहेर पडला.

पहिल्या दोन पुलांपाशी कोणी नव्हतं. तिसऱ्यापाशी पिवळ्या घरात बाई सापडल्या, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसलेल्या, काखेत एक कोंबडी. पाणी ओट्याला टेकलं होतं. बोटीत बसताना त्या ऑसीला म्हणाल्या, "मी नाव नीट सांगितलं होतं. तुम्ही लोक ऐकत नाही."

केरशॉनं नंतर माझ्याहून मोठी डिस्क आणली नाही. कोरलला वाटलं होतं तो तेच करेल. त्यानं प्रत्येकाचं बोलणं आधी बाजूला साठवायची सोय केली, म्हणजे मला ते घासघास न मिळता पोटभर मिळावं आणि हाताची धावपळ कमी व्हावी. लिहिलेलं परत ऐकण्यासाठी दुसरी डिस्क लावली. आणि म्हणाला, या वेळी चाचणीत कोणी गप्प बसायचं नाही.

"पण बोलायचं काय?" कोणीतरी विचारलंच.

मिसेस झप्पाला मुद्दाम आल्या होत्या. "आपापल्या घरची वाट सांगा," त्या म्हणाल्या. "पुरात तेच सांगावं लागतं."

मग तीस माणसं एकदम बोलू लागली. गिरणीपाशी वळा, आंब्याची दोन झाडं लागतील, फाटकाला निळा रंग आहे. ऑसी म्हणाला, "चर्चवरून डावीकडे." शेजारच्या फोनवरून कोरल म्हणाली, "उजवीकडे रे. तीस वर्षं त्याच घरात राहतोस." तो म्हणाला, "तू असतेस ना सांगायला."

मी सगळं लिहिलं. एकही शब्द गळला नाही.

त्यानंतर किती पूर आले, मी नीट लिहीत राहिले. आता माझ्या चकत्या कुरकुरतात. केरशॉनं माझ्यातलं सगळं नव्या डिस्कवर उतरवून घेतलंय. मला काढायच्या आधी त्यानं कोरलला विचारलं, काही ऐकायचंय का. ऑसी या हिवाळ्यात गेला.

तिनं फोन कानाला लावला आणि ती चाचणी शेवटपर्यंत ऐकली.

"मध्ये कुठं तुटतंय का?" केरशॉनं विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "सगळं आहे."

उद्या नव्या डिस्कची चाचणी आहे. कोरलनं स्कोन्सचं पीठ भिजवायला घेतलंय, पण चहा नंतर, हे सगळ्यांना बजावलंय. ऑसीच्या फोनवर मिसेस झप्पाला बसणार आहेत.

मी निघते. तुमच्यावर कधी असा रिकामा फोन उचलायची वेळ आली, तर लाजू नका. तो टेबलावर ठेवून जाऊ नका. आपल्या घरची वाट सांगा. चुकली तर शेजारचं कोणी सुधारेल, आणि तेही उमटून राहील.