डावी पट्टी हलली नाही

“मॅडम, गळ्यातली गाठ काढली ते ठीक. पण त्या डॉक्टरनं माहा दम काऊन काढून घेतला?”

आंजी गावच्या रक्षाने हा प्रश्न विचारला, तेव्हा आवाजापेक्षा हवाच जास्त बाहेर आली. दाराबाहेर तिची मैत्रीण सोनू आणि त्यांचा कबड्डीचा अख्खा संघ कान लावून उभा होता. हिंमत असेल तर विचारून दाखव, असं त्यांनीच तिला डिवचलं होतं.

मित्रांनो, घशाच्या डॉक्टर जयवंताबाईंच्या टेबलाच्या खणात पडलेला मी एक जुना आरसा आहे. रुपयाएवढा गोल, लांब दांडीचा. चेहरा बघायला माझा उपयोग नाही. मी घशाच्या तळाशी बघतो. एके काळी बाई मला रोज स्पिरिटच्या दिव्यावर शेकायच्या, म्हणजे श्वासाने मी धुरकटत नसे. मग कॅमेऱ्याची दुर्बीण आली आणि मी मोडक्या चिमट्यांशेजारी गेलो. गंजलो? मुळीच नाही! वाट बघत होतो.

रक्षाच्या थायरॉइडचं ऑपरेशन दोन महिन्यांपूर्वी दुसरीकडे झालं. गळ्यावरचा व्रण सगळ्यांनी पाहिला, आत कोणीच डोकावलं नाही. आवाज बसला, तर मिठाच्या गुळण्या. पाणी पिताना ठसका लागला, तर ‘हळू पी’. पण चढाईत अर्धं मिनिट टिकणारा तिचा दम दहा मोजेपर्यंत तुटू लागला. ते हेरलं फक्त सोनूने.

“बसला असन घसा,” तिचे बाबा हेमराज म्हणाले. “पोरीची जात. हळू बोलली तं बिघडलं काय?”

“लय बिघडलं!” रक्षा फिस्सकन म्हणाली.

“वीज गेली आहे, दुर्बीण बंद. उद्या येतेस?” बाईंनी विचारलं.

“दोन महिन्यांपासून उद्याच चालू हाये, मॅडम,” रक्षा म्हणाली.

बाई हसल्या. खण उघडला! मला शेकलं, आपल्या मनगटावर टेकवून पाहिलं, कपाळाला बॅटरी बांधली, रक्षाची जीभ कापडात धरली. “ई म्हण.”

माझ्यात दिसल्या आवाजाच्या दोन पांढऱ्या पट्ट्या. उजवी धावत मध्ये आली. डावी जागची हलली नाही. मधल्या फटीतून सगळा दम निसटत होता.

“डाव्या पट्टीची नस दुखावली,” बाई म्हणाल्या. “बरेचदा काही महिन्यांत सावरते, नेहमीच नाही. आवाजाचे व्यायाम लागतील. हे ऑपरेशननंतर लगेच पाहायला हवं होतं. खेळायला मात्र माझी ना नाही.”

“नाई बाई, खेळ बंद!” आई प्रमिला घाबरून म्हणाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा अशी विनवणी मी करणार नाही. मी बजावतो : गळ्याच्या ऑपरेशननंतर आवाज बदलला, तर गुळण्यांवर भागवू नका. आत बघा म्हणून हट्ट धरा. रक्षाने धरला, तसा.

ती उठली. दार उघडलं, संघाला आत घेतलं आणि आईबाबांकडे वळली.

“आई, बाबा, व्यायामाले मी सावंगीच्या दवाखान्यात जाईन. अन् संघ सोडत नाई. चढाईले दम लागते, पकडीले नाई. माहा दम येईपर्यंत मी कोपऱ्यात पकडीले उभी राहीन अन् दुसऱ्यांचा तोडीन.”