अकरा गाठी

खंडाळ्याच्या त्या बंगल्यात अकरा देव लुगड्यात गुंडाळलेले होते. माघ लागला तरी नथूने ते सोडले नव्हते.

देव लाकडाचे. मालकांनी चाळीसेक वर्षांपूर्वी हिमाचलातून आणलेले, तिकडे एक जुनं देऊळ उतरवून नवं बांधत होते तेव्हाचे. नरसिंह, गरुड, मगरीवर उभी असलेली गंगा, शेषावर निजलेला विष्णू. पावसाळ्यात खंडाळ्याचं धुकं पार खोलीत शिरतं, भिंतींना पाणी सुटतं. म्हणून दर ज्येष्ठात शालूबाई आपली जुनी सुती लुगडी अर्धी फाडायची, त्या धडप्यांत एकेक देव गुंडाळायची आणि दसऱ्याला सोडायची. नथू बंगल्याचा राखणदार, ती त्याची बायको. बांधायचं काम तिने त्याला कधी दिलं नाही.

"तुमी बैल बांधल्यागत बांधता," ती म्हणायची. "सोडायचं बी असतंय न्हवं."

गेल्या ज्येष्ठातही तिनेच बांधलं. भाद्रपदात दोन दिवस छातीत दुखतंय म्हणाली आणि तिसऱ्या दिवशी गेली. दसऱ्याला नथू देवांच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, गाठी पाहिल्या आणि दार ओढून घेतलं. तिने घातलेलं लोणचं दिवाळीपर्यंत पुरलं. तिने रचून ठेवलेला सरपणाचा ढीग थंडीत संपला. तिच्या हातच्या आता या गाठीच उरल्या होत्या. गाठ एकदा सुटली की सुटली.

त्या सकाळी झाडताना एका गाठोड्याखाली पिवळसर पीठ दिसलं. त्याने झाडून घेतलं. दुपारी पुन्हा तेवढंच पडलेलं. शेजारच्या बंगल्याचा माळी भिमाजी तंबाखू मागायला आला होता. त्याने चिमूट उचलून बोटांवर चोळली.

"भुंगा लागलाय नथूभाऊ. लाकूड खातोय."

"व्हय."

"मग सोड की."

"सोडतो."

"कवा? भुंग्याचं पोट भरल्यावर?"

भिमाजीने गाठीकडे पाहिलं, मग नथूकडे, आणि तंबाखू न घेताच उंबऱ्यावर बसला.

नथूने मालकांच्या मुलीला, अमृताला, पुण्याला फोन लावला. लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही.

"काका, दसऱ्याला सोडले नव्हते का?"

"न्हाई, ताई."

"का?"

नथूने दारातून गाठींकडे पाहिलं.

"आज सोडा," मग ती म्हणाली. "सगळे. औषध मारायला मी उद्या माणूस पाठवते. आणि काका, जेवत जा वेळेवर."

नथू भुंगा लागलेल्या गाठोड्यापुढे खाली बसला. सुरी आणावी लागेल असं त्याला वाटत होतं. आठ महिने ओल खाऊन गाठी घट्ट झाल्या असतील. त्याने सहज एक टोक ओढलं. गाठ निघाली. जोर लावावाच लागला नाही.

धडपा उलगडला. आत गंगा होती. शालूबाई तिला सुसरीवाली म्हणायची. बाकीचे देव सहसा कीड न धरणाऱ्या देवदाराचे, ही तेवढी अक्रोडाची. सुसरीचं शेपूट बोट लावताच चुरलं. गंगेच्या घागरीला बारीक भोकं पडली होती. चेहरा शाबूत होता. नथूने तिला उचलून व्हरांड्यात ठेवलं.

"माज्यामुळं झालं," तो म्हणाला.

"शेपूटच गेलंय," भिमाजी म्हणाला. "मुंडकं तर न्हाई ना गेलं? चल, मी धडपे वाळत घालतो."

मग नरसिंह सुटला. गरुड सुटला. प्रत्येक गाठ तशीच, एका ओढीची. भिमाजी धडपे झटकून दोरीवर टाकत होता. हिरवा धडपा नथूने ओळखला, पवनानगरच्या एका लग्नात शालूबाई नेसली होती त्या लुगड्याचा. पुढचे ओळखायचं त्याने सोडून दिलं. दमायला झालं होतं.

दहा झाले. उरला विष्णू. त्याखालची फरशी स्वच्छ होती. नथूने वाकून वास घेतला, कुबट नव्हता. त्याने टिचकी मारली. लाकूड टणक वाजलं.

"ह्याला काय न्हाई झालेलं," भिमाजी दारातून म्हणाला. "ठेव ही एक गाठ. ताईंना मी सांगतो, सगळे सोडले म्हणून."

नथूने गाठीवर हात ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला. टोकाला हळदीचा एक फिकट डाग होता.

"तिनं न्हाई ठेवली असती," तो म्हणाला. "तिनं दसऱ्यालाच सोडली असती."

त्याने टोक ओढलं. धडपा एका बाजूने सैल झाला. आधी विष्णूचे पाय दिसले, मग ते चेपत बसलेली लक्ष्मी. तिच्या हातावर धूळ बसली होती. नथूने धडपा भिमाजीकडे दिला आणि बसल्या जागेवरून कुंचला मागितला.