गालिच्यावरच्या खुणा

मित्रांनो, मी एक जुना गालिचा आहे. पण माझ्यावर शेवटचा पाहुणा कधी बसला, ते मला आठवत नाही. माझ्या नशिबी ड्रमसेट आला.

विणणाऱ्यांनी मला दिवाणखान्यासाठी विणलं होतं. कडेने वेलबुट्टी, मधोमध मोठं फूल. एका घरात मी दिमाखात पसरलोही होतो. मग त्या घरच्या फ्रॉकातल्या मुलीला ड्रमचं वेड लागलं. पेडलवर पाय मारला की मोठा ड्रम गुळगुळीत फरशीवरून पुढे पळायचा आणि ही स्टूल ओढत त्याच्या मागे. शेवटी तिच्या बाबांनी मला ड्रमखाली सरकवलं, तेव्हा तो जागेवर राहिला. मुलीचं नाव घरात ढमी पडलं, आणि माझं फूल ड्रमखाली गेलं ते गेलंच.

कुठली वस्तू कुठे ठेवायची, याच्या खुणा बाबांनी रंगीत चिकटपट्टीने माझ्यावर केल्या. लाल मोठ्या ड्रमची, निळी स्टुलाची, पिवळ्या खुणा स्टँडच्या पायांच्या. त्या खुणांचा त्यांना कोण अभिमान!

ढमी वाढली, नोकरीला लागली, कार्यक्रमांत वाजवू लागली. सामान मात्र बाबाच भरत. गाडी लहान आणि बारदाना मोठा. मोठा ड्रम मागच्या सीटवर पट्टा लावून बसायचा. छोटे ड्रम त्याच्या कुशीत, स्टँड पायाशी. कुठे फट दिसली की बाबा म्हणायचे, "आपण काय हवा न्यायला निघालोय?" आणि तिथे टॉवेल कोंबायचे. झांजांची जड पिशवी आईच्या मांडीवर.

"बाळंतपणाला नेतानासुद्धा मला इतकं जपून नेलं नव्हतं," आई म्हणायची.

मी सगळ्यांत शेवटी चढायचो, कारण सगळ्यांत आधी मलाच उतरायचं असे. आधी मी पसरायचं, मग माझ्यावर सगळं उभं राहायचं. ढमी कामावरून परस्पर हॉलवर यायची आणि मांडलेल्या सेटवर नुसती बसायची. तिने काही जरा सरकवलं, तर बाबा पुन्हा जागेवर आणायचे. "खुणेवर म्हणजे खुणेवर."

अलीकडे तिचा खांदा फार दुखायचा. आई शेक द्यायची. "वाजवणं सोडावं लागणार बहुतेक," ढमी एकदा हळूच म्हणाली. तेव्हा मी कोपऱ्यात गुंडाळलेला होतो, पण ऐकलं.

अशात एका मोठ्या वाद्यवृंदाने तिला बोलावलं. एक कार्यक्रम वाजवून दाखवायचा. पसंत पडली तर कायमची जागा.

त्या संध्याकाळी बाबांनी मला रंगमंचावर उलगडलं आणि ते तसेच ओणवे राहिले. माझ्यावर एकही खूण नव्हती.

"अगं, खुणा कुठे गेल्या?"

"मोठ्या लोकांत न्यायचा, म्हणून स्वच्छ धुतला," आई म्हणाली. "त्या कळकट पट्ट्या नखांनी खरवडून काढल्या."

"तो कळकटपणा नव्हता. माझं सगळं डोकं होतं ते."

"मग डोकंही धुतलं गेलं. वाईट काय झालं?"

बाबा गुडघ्यांवर रांगत अंदाज घेऊ लागले. काही केल्या जमेना. तेवढ्यात ढमी आली. वाद्यवृंदाचे मास्तर दारातून दोनदा डोकावून गेले.

"बाबा, थांबा जरा." तिने स्टूल ओढलं, बसली आणि डोळे मिटून हवेतच वाजवू लागली. "हात जिथे पडतोय, तिथे ठेवा."

"एवढ्या लांब?"

"हात तिथेच जातोय, मी काय करू?"

बाबा उकिडवे बसून तिच्या हातांकडे बघत राहिले. पहिल्यांदाच बघितल्यासारखे.

"फ्रॉक केव्हाच सुटला हो तिचा," आई हळूच म्हणाली.

बाबा एकेक वस्तू उचलून तिच्या हाताखाली देत गेले. मोठा ड्रम चांगला वीतभर पुढे गेला. एका स्टँडचा पाय तर माझ्या वेलबुट्टीच्याही बाहेर पडला. आणि मित्रांनो, इतक्या वर्षांनी माझं फूल उजेडात आलं.

ढमी कशी वाजवते, ते मला तिच्या पायांवरून कळतं. त्या दिवशी तिचे पाय निवांत होते. शेवटी मास्तर आले आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या तालमीला लवकर या." घरी परतल्यावर आईने शेकायची पिशवी काढली, तर ढमी म्हणाली, "अगं, आज दुखतच नाहीये."

दुसऱ्या दिवशी बाबा नवी चिकटपट्टी घेऊन माझ्याजवळ बसले. पट्टीचं टोक सोडवलं, परत चिकटवलं. मग पट्टी खिशात घातली आणि खडू मागितला.

मित्रांनो, मी अजूनही सगळ्यांत शेवटी गाडीत चढतो. तुमच्या घरी माझा एखादा भाऊबंद असेल, तर त्याला झटका, ऊन दाखवा, घडी न घालता गुंडाळून ठेवा. आणि त्याच्यावर पोरांसाठी खुणा करायच्याच असतील, तर खडूने करा. पोरांचे हात वाढतात. दर वेळी गालिचा ते सांगायला येणार नाही.